गंधपुऱ्याच्या तीन कुंड्या : प्रकल्प नोंदी (अंबाजोगाई, ऑक्टोबर २०२३ ते जून २०२४)

१४ ऑक्टोबर २०२३

उटीला गेलेल्या सहकाऱ्याने कुन्नूरच्या एका रोपवाटिकेतून विकत आणलेली गंधपुऱ्याची तीन रोपे आज महाविद्यालयात पोहोचली. रानातून उपटलेले रोप घ्यायचे नाही, असे मी जाताना दोनदा बजावले होते. प्रवासात थोडी पाने गळली आहेत, परंतु मुळांभोवतीचा मातीचा गोळा शाबूत आहे.

प्रकल्पाचा हेतू साधा आहे. वनस्पतींचे एरिकेसी कूळ शिकवताना गेली अनेक वर्षे मी फळ्यावर उलट्या घटासारखे फूल काढत आलो आणि मुलांसमोर तपकिरी पडलेला, कागदाला चिकटवलेला नमुना फिरवत आलो. या कुळाचे एकही झुडूप आमच्या बालाघाटाच्या माळावर मी कधी पाहिलेले नाही. गंधपुरा (गॉल्थेरिया फ्रॅग्रँटिसिमा) हे भारतातलेच झुडूप असून ते निलगिरीत, हिमालयाच्या उतारांवर आणि खासी टेकड्यांत, बहुधा दीड हजार मीटरच्या वरच्या थंड हवेत वाढते. त्याचे शास्त्रीय नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांनी दिले. गॉल्थेरिया या प्रजातीनामात मात्र क्वेबेकमधील गॉल्तिए नावाच्या एका वैद्याची आठवण आहे. हे झुडूप मराठवाड्यात निदान एक फुलोरा येईपर्यंत जगवता येते का, एवढेच पाहायचे आहे.

मुलांनी पान चुरगळून हुंगले आणि एकीने लगेच ओळखले, ‘‘सर, हा तर आजीच्या गुडघ्याच्या मलमाचा वास!’’ तिचे म्हणणे अगदी खरे आहे. सांधेदुखीच्या अनेक मलमांच्या डबीवर जे ‘गंधपुरा तेल’ लिहिलेले असते, ते याच पानांचे असते आणि ते जवळजवळ सगळेच मिथिल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीचे रसायन, असते. पान कुणीही तोंडात घालू नये, अशी पाटी आजच लावली, कारण चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर शुद्ध तेलातले सॅलिसिलेट साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतके भरते आणि लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

१७ ऑक्टोबर

आवारातली माती वापरता येणार नाही, हे मला ठाऊक होते, पण ते मुलांनी स्वतः पाहावे म्हणून आज प्रयोगशाळेत तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायला सांगितले. माती दुधासारखी फसफसून वर आली. मृद चाचणीच्या अहवालाप्रमाणे तिचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) ८.२ असून मुक्त चुनखडी ९ टक्के आहे. या झुडपाला साडेचार ते साडेपाच सामू मानवतो.

‘‘मग गंधक घालून सामू उतरवू या,’’ अशी सूचना वर्गातून आली. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाची ती सूचना असल्यामुळे तिचे गणित फळ्यावर मांडले. १० किलो मातीत ९०० ग्रॅम चुनखडी. जिवाणूंनी गंधकाचे आम्ल केले, तर १०० ग्रॅम चुनखडी मारायला ३२ ग्रॅम गंधक लागते, म्हणजे कुंडीमागे २८८ ग्रॅम. तेवढे घातल्यावर चुनखडी संपणार आणि सामू खऱ्या अर्थाने उतरायला तिथून सुरुवात होणार. तोवर वर्ष उलटेल आणि कुंडीत जिप्समचा गाळ साचेल. गंधकाचा विचार तिथेच सोडून दिला.

२० ऑक्टोबर

आठ इंची प्लॅस्टिकच्या कुंड्यांत दोन भाग पीटमॉस (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ), एक भाग तीन पाण्यांनी धुतलेले कोकोपीट आणि एक भाग सुरूच्या झाडाखाली पडलेल्या वाळक्या काड्या असे मिश्रण भरले. कोकोपीट धुतले, कारण न धुतलेल्यात मीठ असते. गांडूळखत घातले नाही, कारण ते बहुधा सातच्या वरच्या सामूचे असते. मुळांचा गोळा न झटकता तसाच ठेवला. या कुळाच्या मुळांत राहणारे कवक त्या मातीतच आहे आणि ते इथल्या बाजारात विकत मिळणारे नाही. मिश्रणाचा सामू ५.० भरला. कुंड्यांवर १, २, ३ असे आकडे घालून त्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात हिरव्या जाळीखाली मांडल्या. तूर्त जारचे पाणी.

४ नोव्हेंबर

मातीचा प्रश्न पिशव्या विकत आणून सुटला, पण पाण्याचा तसा सुटणार नाही, असे आज लक्षात आले. आवारातल्या बोअरच्या पाण्याचे मुलांनी अनुमापन केले, म्हणजे त्यात मोजून आम्ल टाकून त्याची अल्कता काढली. ५० मिलिलिटर पाण्याला मिथिल ऑरेंजचा रंग बदलेपर्यंत ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल १७ मिलिलिटर लागले, म्हणजे अल्कता लिटरमागे ३४० मिलिग्रॅम आली. पाण्याचा सामू ७.९ आहे. त्यापेक्षा मला ३४० हा आकडा महत्त्वाचा वाटतो, कारण सामू त्या घटकेपुरता पाण्याचा स्वभाव सांगतो, तर अल्कता ते पाणी कुंडीत किती चुना ओतणार आहे याचा हिशेब देते. रोज एक लिटर दिले, तर महिन्याला सुमारे १० ग्रॅम. साडेतीन लिटरच्या कुंडीला तो भार पेलणार नाही.

म्हणून कुंडी १ ला बोअरचे पाणी, कुंडी २ ला पावसाचे किंवा ते नसेल तेव्हा जारचे पाणी, आणि कुंडी ३ ला लिटरमागे अर्धा ग्रॅम लिंबूसत्त्व घातलेले बोअरचे पाणी, अशी वाटणी केली. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘पहिले रोप मरणार हे माहीत असताना ते पाणी का द्यायचे?’’ तुलनेसाठी, असे उत्तर मी दिले. ते शास्त्राला धरून होते, पण तिला पटलेले दिसले नाही.

२८ नोव्हेंबर

काल रात्री अवकाळी पाऊस झाला. आमच्या पर्जन्यमापकात ३१ मिलिमीटर भरला. सायकल स्टँडच्या पत्र्याचे क्षेत्र ९ चौरस मीटर आहे, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, या हिशेबाने पावणेतीनशे लिटर पाणी आले. पहिली दोन-तीन घागरी पाणी सोडून दिले. पत्र्यावरची धूळही इथल्याच चुनखडी मातीची असल्याने पहिल्या सरीचे पाणी सातच्या आसपास भरते, नंतरचे सहाच्या खाली उतरते. २०० लिटरचा निळा पिंप भरला आणि त्यावर झाकण लावले. सिमेंटच्या हौदात साठवण्याची सूचना नाकारावी लागली, कारण असे मऊ पाणी सिमेंटमधला चुना ओढून घेते.

आमचा पिंप भरला, त्याच रात्री वर्गातल्या चार जणांच्या घरचा वेचणीला आलेला कापूस भिजला. आज हजेरी निम्मी होती.

१९ डिसेंबर

कुंडी १ ची शेंड्याची पाने पिवळी पडली असून शिरा हिरव्या आहेत. ‘‘हा केवडा पडलाय,’’ असे शिपाईमामा झाडताना थांबून म्हणाले. चुनखडीच्या रानात उसावर दिसतो तोच हा लोहाच्या कमतरतेचा केवडा होय. मिश्रणाचा सामू ६.० झाला आहे.

इथे मुलांचा एक गोंधळ दूर करावा लागला. आमचा खडक बेसाल्ट, त्यात लोहाची मुळीच वाण नाही, मग कमतरता कसली? सामू एकने वाढला, की मातीतल्या पाण्यात विरघळून राहणारे फेरिक लोह हजारपटीने घटते. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण इथे उलटी लागू पडते. आडात भरपूर आहे, पोहऱ्यात येत नाही. ज्वारी किंवा तुरीसारखी पिके आपल्या मुळांची रसायने सोडून त्यातले लोह ओढून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या आंबट मातीत राहिलेल्या या झुडपाला ती कला अवगत नाही.

९ जानेवारी २०२४

कुंडी १ वर हिराकशीची (फेरस सल्फेट) अर्धा टक्का फवारणी दोनदा केली. जुनी पाने किंचित हिरवी झाली, नवी मात्र पिवळीच फुटली आणि कडांनी करपू लागली. सामू ६.५. फवारणीने पानाची भूक काही दिवस भागते, मुळाची भागत नाही.

२३ जानेवारी

कुंडी ३ मध्येही फिकटपणा दिसू लागल्याने चकित झालो. शोध घेता कारण सापडले : मुले लिंबूसत्त्वाचे पाणी सोमवारी वीस लिटर एकदम करून आठवडाभर वापरत होती. ताज्या पाण्याचा सामू ५.६ होता, पाचव्या दिवशीच्या उरलेल्या पाण्याचा ७.३ निघाला. लिंबूसत्त्व हे सेंद्रिय आम्ल असल्याने सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात आणि पाण्याला अल्कता देणारे बायकार्बोनेट पुन्हा तयार होते. बादलीच्या तळाचा बुळबुळीत थर मी पाहायला हवा होता. आजपासून रोजचे पाणी रोज करायचे. ठिबक सिंचनाच्या नळ्या धुणारे शेतकरी खनिज आम्ल वापरतात, त्याला हा दोष नाही, परंतु ते मी मुलांच्या हाती देणार नाही.

३० जानेवारी

कुंडी १ चे रोप गेले.

२१ फेब्रुवारी

कुंडी २ फुलली. गेल्या पंधरवड्यात पानांच्या बगलेतून मंजऱ्या लांबत होत्या, त्यांवर आज सकाळी अकरा फुले उमललेली होती. पांढरी, किंचित हिरवट, पाच मिलिमीटरच्या आतबाहेरची, तोंडाशी आवळलेली आणि खाली मान घातलेली. त्या आवळलेल्या तोंडाभोवती पाच इवल्या पाकळ्यांची टोके बाहेर वळलेली आहेत. फळ्यावरच्या माझ्या चित्रात फूल नेहमीच फार मोठे आणि फार उभे येत असे, हे आज कळले.

दोनच फुले तोडायची, बाकीची झाडावर राहू द्यायची, असे ठरवून वर्ग भरवला. एक फूल ब्लेडने उभे चिरून भिंगाखाली ठेवले. पुंकेसर दहा. प्रत्येक परागकोशाच्या डोक्यावर शिंगांसारखे बारीक काटे असतात, ते मुलांनी मोजले. धोत्र्याचा परागकोश उभा उकलतो, तसा हा उकलत नाही. त्याच्या टोकाला छिद्रे असतात आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावे, तसे पराग त्यातून बाहेर पडतात. भौतिकशास्त्र विभागातून ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा मागून आणला, तो वाजवून झाडावरच्या एका फुलाच्या देठाला टेकवला आणि खाली काळा कागद धरला. कागदावर थोडी पिवळट धूळ पडली. वर्गात जी शांतता पसरली, ती मी परीक्षेच्या वेळीही ऐकलेली नाही. असे परागकोश हलवायला पंखांच्या स्नायूंनी थरथरणारे भुंगे लागतात आणि ते काम आज नादकाट्याने केले.

ती धूळ काचपट्टीवर घेऊन पाहिली. परागकण एकेकटे नव्हते. चार-चार एकमेकांना चिकटलेले होते, तीन खाली आणि एक वर, जणू चार बोरे रचून ठेवावीत. एरिकेसी कुळाची ही खूण पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा तासाला नसतोच, त्याने सलग वीस मिनिटे सूक्ष्मदर्शक सोडला नाही, आणि बाकीच्यांनी त्याला रागावण्याऐवजी रांग लावली.

प्रकल्पाचा लिहिलेला हेतू आज पूर्ण झाला. तरी नोंदी थांबवत नाही, कारण उन्हाळा अजून यायचा आहे.

६ मार्च

गेलेल्या कुंडी १ ची आणि जिवंत कुंडी २ ची काही मुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये निवळून, कॉटन ब्ल्यूने रंगवून पाहिली. या कुळाची शेवटची मुळे केसाहून बारीक असतात आणि त्यांना मूलरोम नसतात. अन्न शोधण्याचे काम कवकाचे धागे करतात आणि ते बाह्य पेशींच्या आत वेटोळी करून बसतात. कुंडी २ च्या मुळांत निळी वेटोळी स्वच्छ दिसली. कुंडी १ ची मुळे कुजलेली असल्यामुळे त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये, असे वहीत लिहून घ्यायला लावले.

फुलांपैकी चारांचे परागण ब्रशने केले होते. दोघांच्या पाकळ्या गळल्यावर हिरवा पुष्पकोश किंचित फुगला. या झुडपाचे जे निळे-जांभळे फळ म्हणून दिसते, तो हा फुगलेला, मांसल झालेला पुष्पकोशच असतो आणि खरी बोंडी त्याच्या पोटात असते.

२४ मार्च

दुपारचे तापमान ३९ अंश. मूळ कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरली आणि ती ओली ठेवायला सुरुवात केली. माठाचे तत्त्व आहे, नवे काही नाही, फक्त आतली कुंडी प्लॅस्टिकची असल्यामुळे वाळूला बोअरचे पाणी देऊनही ते मुळांपर्यंत जात नाही. दोन्ही पुष्पकोश वाळून गळाले.

१९ एप्रिल

हवा ४१.५, आतल्या कुंडीचे मिश्रण २८. आमची कोरडी हवा, जिला आपण एरवी शिव्या देतो, तीच इथे उपयोगी पडते आहे. बाहेरच्या मातीच्या कुंडीवर पांढरे पापुद्रे चढले आहेत. कुंडी १ च्या मुळांभोवती काय साचले असेल, ते त्या पापुद्र्यांकडे पाहून समजते. पहिल्या रोपाला ते पाणी का द्यायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थिनीला ते दाखवले.

पिंपात ९० लिटर उरले आहे. संगणक कक्षातल्या एसीचे पाणी वापरावे, असे सर्वांना सुचले, कारण ते जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणीच असते. नळीखाली बादली ठेवली आणि दिवसभरात जेमतेम लोटाभर पाणी जमले. एसी हवेतलीच वाफ गाळतो आणि एप्रिलच्या हवेत वाफच नसते. ऑगस्टमध्ये, जेव्हा आम्हाला त्याची गरज नसते, तेव्हा हीच नळी आवारात डबके करते.

१६ मे

निवडणुकीच्या कामावरून परत आल्यावर पाहिले, तर कुंडी ३ च्या मिश्रणावर राख पसरलेली होती. मी नसताना रोप मलूल दिसले, म्हणून शिपाईमामांनी घरच्या चुलीची दोन मुठी राख मायेने घातली होती. त्यांच्या परसातल्या कारल्याला ती मानवते. राख अल्कधर्मी असते, हे त्यांना सांगायला मी सात महिन्यांत कधीच विसरायला नको होते. पाट्या सगळ्या मुलांसाठी लावल्या आणि रोज पाणी घालणाऱ्या माणसाला एक शब्द सांगितला नाही. वरचा थर काढला, नवे मिश्रण भरले. मामांना काही बोललो नाही, फक्त नादकाट्याचा प्रयोग पुढच्या वर्षी त्यांना दाखवायचा आहे.

२३ मे

कुंडी ३ गेली. बुंधा जमिनीलगत काळा पडला होता. राख, उष्णता आणि नव्या मिश्रणात मी घाबरून दिलेले जास्तीचे पाणी, यांपैकी नेमके कोणते कारण, ते वेगळे काढता येणार नाही.

नळाला आठ दिवस पाणी नाही. वसतिगृहाला टँकर येतो. सफाई करणाऱ्या मावशींनी पिंपाकडे बोट दाखवून विचारले, ‘‘सर, हे पाणी कशाला ठेवलंय?’’ मी सांगितले. त्यांनी कुंडीकडे पाहिले आणि काही न बोलता निघून गेल्या. तेव्हा पिंपात ५५ लिटर होते. त्यातले ४० वसतिगृहाच्या धुण्याभांड्यांना दिले. कुंडी २ ला रोज पाऊण लिटर लागते, ते आता माझ्या घरच्या जारमधून आणतो. जारवाला आठवड्याला एक जादा देतो, त्याचे पैसे प्रकल्पाच्या खर्चात धरलेले नाहीत.

१० जून

काल संध्याकाळी जोराचा पाऊस झाला. पहिल्या सरीचे पाणी सोडले, त्याचा सामू ७.१ होता. तासाभराने धरलेल्या पाण्याचा ५.९ भरला. पिंप काठोकाठ भरला असून आता दुसरा पिंप मागवला आहे, कारण पुढच्या उन्हाळ्यात एक पिंप फक्त वसतिगृहासाठी ठेवायचा आहे. कुंडी २ च्या मिश्रणाचा सामू ५.३. तीन फांद्यांवर नवी पाने, रंग तांबूस, शिरा आणि पान एकाच रंगाचे. कुंडीच्या कडेला इंग्रजीत लिहिलेली पाटी काढून मामांनी सांगितलेल्या शब्दांत नवी लावली : ‘राख घालू नये. बोअरचं पाणी देऊ नये. पिंपातलं द्यावं.’